जित्या माणसाचं पितर

१

जानेफळच्या त्या घरात दुपारचं जेवण कधी चुकलं नाही, आणि कधी पुरंही झालं नाही.

ऊन अंगणाच्या मधोमध आलं की उकंडराव हातपाय धुऊन मधल्या खोलीत येऊन बसायचे. पाठ भिंतीला, तोंड कोठीच्या दाराकडे. सून विमलबाई ताट आणून ठेवायच्या. मग म्हातारबुवा भाकरीचे दोन सारखे भाग करायचे. भाजीच्या मधून बोटानं रेघ ओढायचे. ठेच्याची गोळी असली तर तीही निम्मी करायचे. एक भाग सावकाश खायचे, पाणी प्यायचे आणि उरलेलं अर्धं ताट सरकवत कोठीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. मग बाजेवर आडवे व्हायचे. घटकाभरानं विमलबाई यायच्या, ताट उचलायच्या आणि गाईपुढं रिकामं करायच्या. यावर घरात कुणी बोलत नसे. दारात लिंबाचं झाड का आहे, असं कुणी विचारतं का?

घर काही जुनंपुराणं नव्हतं. फौजेतून सुटून आल्यावर उकंडरावांनीच बांधलेलं, स्लॅबचं, चार खोल्यांचं. मधल्या खोलीला लागून धान्याची कोठी. तिला खिडकी नाही. एकच दार, आणि दाराखाली हात जाईल एवढी फट. सुतारानं दार नीट बेतून आणलं होतं. उकंडरावांनी खालची पट्टी कापायला लावली.

"उंदरं जातीन ना, मामाजी," नवी नवरी विमलबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"जाऊ दे. त्याइलेही पोट हाये."

उकंडरावांची नात स्वरदा या अर्ध्या ताटाच्या सोबतीनंच मोठी झाली. अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करून ती श्रावणात घरी परतली. चार वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाला आपल्याच घरातलं जे खटकतं, ते तिला खटकू लागलं. वडील खामगावला नोकरीला, रविवारपुरते यायचे. घरात आई, आबा आणि ती.

२

त्या दिवशी ती शेतातून उशिरा आली. भूक कडकडून लागलेली. आबा झोपले होते, आई मागच्या अंगणात होती, आणि कोठीच्या दाराशी अर्धं ताट तसंच होतं. स्वरदानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

चव लागेना.

ठेचा हिरवागार दिसत होता. लसणाचे तुकडे दिसत होते, मिरचीचं बी दिसत होतं. तोंडात मात्र भिजलेल्या कागदाचा लगदा घोळवावा तसं काहीतरी फिरत होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि खलातला तोच ठेचा बोटावर घेऊन चाटला. डोळ्यांतून पाणी आलं.

सर्दी झाली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सर्दी एका ताटापुरती होत नाही, हेही तिला कळत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आबांच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं. त्यांनी त्याचेही दोन भाग केले. ते झोपल्यावर तिनं उरलेलं मीठ जिभेवर ठेवलं. वाळू. मीठ कुठं शिळं होतं का?

"आई, त्या ताटातल्या अन्नाले चव राहत नाही."

विमलबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"मले माहीत हाये."

"कवापासून?"

"लगन होऊन आली तवापासून. गाय बी पहिले सुंगते, मंग नाइलाजानं तोंड लावते."

"अन् तुले कधी वाटलं नाही, हे असं काऊन म्हणून?"

"वाटलं ना," विमलबाई म्हणाल्या. "तुह्यासारखं विचारत बसली असती तं सैपाक कोणं केला असता, माय?"

३

मेहकरच्या डॉक्टरांनी उकंडरावांना तपासलं, पुन्हा तपासलं, आणि स्वरदाला बाजूला घेतलं.

"आजोबांना आजार कोणताच नाही. ते अर्धपोटी आहेत, बस. तरुणपणी चाललं, आता शरीरात काही शिल्लक नाही. पोटभर जेवले नाहीत तर दिवाळी बघणार नाहीत. औषध काय देऊ? भाकरी लिहून देऊ?"

परतताना एस.टी.त आबा तिच्या खांद्याला टेकून झोपले. वजन जाणवतच नव्हतं. सदऱ्याच्या आत माणूस आहे की नुसती काठी, असं वाटावं. याच माणसानं सगळ्या भावकीला अंगणात उभं करून सांगितलं होतं, की पोरगी अमरावतीले जाईन, ज्याले पोट दुखन त्यानं ओवा खावा. स्वरदाच्या मनात राग दाटून आला. कोणावर, ते तिला कळेना. माणूस समोर ताट असून उपाशी मरतो, आणि घर चाळीस वर्षं गुपचूप बघतं? यात गूढ काय आहे? दुखणं आहे. दुखण्याला नाव असतं, उपाय असतो.

घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं. "आबा, उद्यापासून पुरी भाकर खासान का?"

"पुरते मले, पोरी."

"नाही पुरत. बरगड्या मोजता येऊन राह्यल्या तुमच्या."

"त्याले त्याच्यापेक्षा कमी भेटते."

"कोणाले?"

आबांनी कोठीकडे पाहिलं नाही. पण न पाहण्यासाठी त्यांना मान वळवावी लागली.

विमलबाईंना निराळाच घोर होता. भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला होता, चौदस जवळ येत होती. त्या भागात गेलेल्या माणसाच्या नावानं भावकीतला नाहीतर गावातला एखादा माणूस जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, त्याला टिळा लावतात, आग्रहानं वाढतात. त्या जेवणापुरता तो माणूस म्हणजे गेलेला माणूस. त्यालाच पितर म्हणतात. हत्यारानं मेलेल्यांचं पितर चौदशीला. उकंडरावांच्या घरी दर चौदशीला एक पितर जेवत असे, आणि ते असे उकंडरावांच्याच नावाचं.

गावात याची थट्टा व्हायची. स्वतः यजमान आणि स्वतःच मयत! पण उकंडराव ऐकत नसत. त्या दिवशी ते स्वतः मात्र अन्नाला शिवत नसत, खांबाला टेकून जेवणाऱ्याकडे बघत बसत.

"उद्धवअप्पाचं खुब्याचं हाड मोडलं," विमलबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून तेच बसत आले. आता दुसरं कोणी आपल्या घरी पितर बसाले तयार नाही. मामाजी तं रोज विचारून राह्यले, कोण बसन, कोण बसन."

"दुसरं कोणी काऊन तयार नाही?"

"उद्धवअप्पालेच विचार."

४

उद्धवअप्पा बाजेवर उताणे पडले होते आणि त्यांची बायको अन्नपूर्णाबाई उशाशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. स्वरदानं विषय काढताच बाईच आधी उसळली.

"तुमच्या घरून जेवून यायचा अन् दारातूनच आरडायचा, वाढ वो! मी म्हणो, मुडद्या, लोकाइच्या घरी लाजत होता का? तं म्हणे, बारा वडे खाल्ले. बारा वडे खाऊन कोणी उपाशी राह्यते का, सांग बरं तूच, शिकेल हायेस तं."

"गप वो," अप्पा म्हणाले. मग आढ्याकडे पाहत सांगू लागले.

"उकंड्या फौजेसंग लंकेत लढाईवर गेला होता. तिथून निरोप आला, त्याचा पत्ता नाही म्हणून. मेला असं कोणं सांगतलं नव्हतं. पण तुह्या आबाची माय, जनकाबाई, तिले सपन पडाले लागलं. पोरगा दाराआडून म्हणे, माय, भूक लागली. रोज. आता सपनात येऊन जेवाले कोण मांगते? म्हातारे लोक म्हणाले, बाई, समजून घे. तिनं समजून घेतलं. चौदशीले मले बलावलं. मी त्याच्याच वयाचा, त्याच्याच अंगाचा."

"मंग?"

"मंग काय. बसलो. ती वाढत गेली. वडे, कढी, डांगराची भाजी, धोप्याच्या पानाइच्या वड्या, खीर. घास गळ्याखाली उतरे अन् कुठंतरी निघून जाये. पोटात काही पडेचना, पोरी. मले भेव वाटाले लागलं, पण हात थांबेना. अन् ती म्हातारी रडून राह्यली अन् म्हणून राह्यली, खाय बापा, लय दिवसाचा उपाशी हायेस. खिरीचा गंज रिकामा झाला तवा उठलो. घरी येऊन हिच्याजवळ भाकर मांगतली."

"तवा आबा जित्ते होते, अप्पा."

"हाव. थोड्या दिवसानं आलाच ना घरी. लोकाइनं जनकाबाईची लय टर उडवली, जित्या पोराचं पितर घातलं म्हणून. सारं गाव हासलं. तो नाही हासला. उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यानं मायले एकच विचारलं. कढीत गोडलिंब काऊन नव्हता?"

अन्नपूर्णाबाईंचा शेंगा मोडणारा हात थांबला.

"त्या साली गोडलिंबाचं झाड वाळलं होतं," अप्पा म्हणाले. "म्हणून नव्हता टाकला."

५

त्या दुपारी स्वरदा आबांच्या समोर बसली. अमरावतीला तिला शिकवलं होतं, की दुखणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये, जागा द्यावी. तिनं जागा दिली. आबा बरेच दिवस कुणीतरी बसण्याचीच वाट पाहत असावेत, तसे बोलू लागले.

"आमाले वाटलं होतं, लंका म्हंजे काय तरी निराळं असन. गेलो तं आपल्यासारखेच लोक. आपल्यासारखीच शेतं. माती तेवढी लाल, गेरूसारखी. घरातले घरातच मारून राह्यले होते एकमेकाले. आमी मधात गेलो समजूत घालाले. घरच्या भांडणात समजूत घालाले जाणाऱ्याले दोन्हीकून मार, हे आपल्या गावात शेंबडं पोरगं बी जाणते. सरकारले नाही समजलं."

ते हसले. दात नव्हते, फक्त हसण्याचा आवाज होता.

"एक गल्ली होती. दोन्हीकून ताडाच्या झावळ्याइची कुंपणं. पहिली गोळी आली तवा कुठून आली तेच समजेना. कुंपणातूनच गोळ्या. पानाइतून. झाडं गोळ्या मारून राह्यले असं वाटे. आमी एका घरात घुसलो. माह्या संगचे दोघं गोळ्या लागून पडेल होते, त्याइचं रक्त थांबेना. पाणी नाही. संध्याकाळपर्यंत मारत राह्यलो, मंग बंदुकीत काही उरलं नाही. त्या दोघाइचे डोळे मीच मिटले. मंग हात वर करून भायेर आलो.

"त्या बंदुकवाल्याइनं मले एका शेतकऱ्याच्या घरी ठुलं. भाताची कोठी. खिडकी नाही. दाराखाली फट. घरात एक बुढी होती, ती फटीतून भात सरकवे. मी हात उपडा नाही, असा उताणा ठुवो फटीत. ती त्यावर मूठ ठुये. तिचं तोंड मी कधी पाह्यलं नाही. तिची बोली समजत नव्हती. पण आपल्या पोराशी बोलते तशी बोले. तिचंही कोणी लढाईत असन. मंग लढाई त्या गावात आली. ते लोक रातोरात पळून गेले. बुढी गेली. दार उघडाचं कोणाच्या ध्यानात नाही राह्यलं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. भांडी किणकिणली.

"फटीत हात ठुवून बसो मी. येईन कोणी, येईन कोणी. माय, माय करो. अन् एक दिवस मले कढीचा वास आला. मी इथं होतो, पोरी. या जागी पहिले आपलं मातीचं घर होतं, त्या ओसरीत. मायनं तूप वाढलं. मी जेवलो. पोट फुटेपर्यंत जेवलो. अन् मंग डोळ्यावर ऊन आलं. आपल्या फौजेचे लोक होते. मले दोन्हीकून धरून भायेर काढलं."

"म्हणजे भुकेनं तुम्हाला भास झाला, आबा. असं होतं. मेंदू—"

"असन. पण भायेर काढलं तवा मी मागं वळून पाह्यलं."

"काय पाह्यलं?" स्वरदानं विचारलं.

"कोपऱ्यात कोणी बसेल होतं. गुडघ्यात मान घालून. माह्यासारखंच. मी त्याइले सांगतलं, अजून एक हाये मंधात. ते म्हणाले, जवान, कोणी नाही, चल. दार लावून घेतलं." आबांनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. "जेवाले आला होता तो भायेर निघाला, का उपाशी बसला होता तो, हे मले अजून नाही उमगलं. पण एक मंधात राह्यला. त्याले माह्याशिवाय कोण हाये?"

६

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर सकाळी, आंघोळ करताना स्वरदाला उपाय सुचला, आणि तो इतका साधा होता की तिला हसू आलं. ज्याच्या नावानं ताट वाढता तो घरातच आहे. मग दुसऱ्याला का बसवता? त्यालाच बसवा. दोन माणसं नव्हतीच कधी. एकच माणूस होता, भुकेनं आणि भीतीनं दुभंगलेला. आईच्या हातचं ते जेवण त्याच्याच तोंडात पडलं, तर सांधलं जाईल.

"असं कोणी करत नाही," विमलबाई म्हणाल्या.

"जित्या माणसाचं पितर तरी कोण करते, आई? आधीचं चुकलं तेच नीट करून राह्यलो आपण."

"तुले भेव नाही वाटत?"

"मले आबा मरायचं भेव वाटते."

विमलबाई उठल्या. त्यांनी उडीद भिजत घातले.

चौदशीला स्वरदानं स्वतः पाट मांडला. आबांना हाताला धरून आणलं, पाटावर बसवलं, परातीत त्यांचे पाय धुतले. आबा आपल्याच पावलांकडे ओळख नसल्यासारखे पाहत होते. तिनं टिळा लावला. विमलबाईंनी चुलीतले निखारे काढून त्यावर तूप आणि घास सोडला. धूर सरळ वर गेला नाही. जमिनीलगत पसरला, कोठीच्या दारापर्यंत गेला आणि फटीतून आत ओढला गेला. वाऱ्यानं असेल.

"आबा, जेवा."

आबांनी वड्याचे दोन भाग करायला हात पुढं केला. स्वरदानं तो धरला.

"आज नाही. आज सगळं तुमचं."

"मंग त्याचं?"

"तो म्हंजे तुमीच, आबा. दुसरं कोणी नाही. मायनं ताट तुमच्यासाठीच वाढलं होतं ना?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, पण कशाची, ते तिला तेव्हा वाचता आलं नाही. ही पोरगी शिकलेली आहे, हिला कळत असेल, असा एक विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि तिथंच बसला.

"हाव," ते म्हणाले. "मीच."

आणि त्यांनी पहिला वडा अख्खा तोंडात घातला.

ते जेवले. असे, की विमलबाईंच्या डोळ्यांना धार लागली. कढी भुरकली, खीर दोनदा घेतली, ताट बोटानं निपटून काढलं. मग त्यांनी ढेकर दिली. चाळीस वर्षांत त्या घरानं ती ऐकली नव्हती. सगळ्यांना हसू आलं, आबांनासुद्धा.

त्या हसण्यात कोठीतून काही आवाज आला असला तर कुणाला ऐकू गेला नाही.

७

आबा सुधारले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी भाकर मधून मोडली नाही. भाजीत रेघ ओढली नाही. गालांवर मांस दिसू लागलं. त्यांनी बसायची जागा बदलली. आता ते कोठीकडे पाठ करून बसत. पारावर जाऊ लागले, तिथं खोड्या करू लागले. वडील रविवारी आले तेव्हा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शिक्षणाचं चीज झालं, बापा."

कोठीत मात्र काहीतरी घासत होतं.

दुपारी, आबा जेवत असतानाच. जमिनीवरून कुणी हलकेच तळवा फिरवावा, तसा आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. स्वरदानं दार उघडून दिवा लावला. गव्हाची पोती, तुरीच्या डाळीचं पिंप, गेल्या सालचं सोयाबीनचं बियाणं. पोती हलवली. काही नाही. उंदीर, ती म्हणाली. दार लावताना उंबऱ्यावर थोडी धूळ दिसली म्हणून ती झाडू घेऊन आली. धूळ लाल होती. जानेफळच्या शिवारात कुठंही खणा, काळी माती लागते. तिनं ती झाडून टाकली. कुणाच्या पोत्याला लागून आली असेल, मुरुमाची असेल.

दिवसागणिक तो आवाज मंद होत गेला. आधी घासायचा. मग नुसता एक बोट आपटल्यासारखा. स्वरदाला वाटलं, चला, उंदीर गेले. तरी दुपार झाली की ती भीत भीत कोठीचा कानोसा घ्यायची. हे भय आपल्यात कुठून आलं, याचाही ती शांतपणे विचार करायची: आबांची गोष्ट ऐकली, मन हेलावलं, आता मन त्या गोष्टीला आवाज देतंय. पुस्तकात असं लिहिलेलं होतं. पुस्तकात कोठी नव्हती.

मग एका दुपारी आई पाण्याला गेली होती आणि आबा अंगणात हात धूत होते. स्वरदा त्यांचं ताट घेऊन मधल्या खोलीत आली. ऊन दारातून तिरपं आत येऊन कोठीच्या दारापर्यंत पोचलं होतं.

फटीत हात होता.

फक्त मनगटापर्यंत. उताणा. बोटं किंचित वाकलेली, मधे ओंजळीएवढी पोकळी. नखं वाढलेली, त्यांत लाल माती. तरुण माणसाचा हात होता तो, म्हाताऱ्याचा नव्हे. बोटं मिटायचा प्रयत्न करत होती आणि त्यांना ते जमत नव्हतं.

आतून आवाज आला. आवाज कसला, श्वासच.

"माय..."

स्वरदाच्या हातात पूर्ण भाकर होती. वाफ निघत होती. वाकून हात लांब केला असता तर पोचली असती.

पण तिच्या आत जी मुलगी घाबरली होती, तिला जी मुलगी शिकलेली होती तिनं आवरलं. हे नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. भाकर दिली तर हे आहे, असं मी म्हटल्यासारखं होईल. मग आबा पुन्हा अर्धे होतील. मग कशालाच अंत नाही. बाजेखाली गोणपाट पडलं होतं. तिनं ते पायानं पुढं ओढलं, डोळे मिटले, आणि फटीत कोंबलं. नरम काहीतरी मागं सरकलं. तिनं आणखी कोंबलं, टाचेनं दाबून, फट पुरी बुजेपर्यंत.

"काय करून राह्यली, पोरी?" आबांनी दारातून विचारलं.

"उंदरं झालेत, आबा. या, जेवा."

आबा तिच्याकडे पाठ करून बसले आणि सगळं जेवले.

८

दोन-तीन दिवसांनी सकाळी विमलबाई झाडझूड करत होत्या, तर उकंडराव नळाखाली बसलेले. कपड्यांसकट, डोक्यावरून पाणी घेत. मग त्यांनी न्हाव्याला बोलावणं पाठवलं. तो आला, लिंबाखाली बसून त्यानं त्यांचं डोकं केलं. ते बोट मिशांकडे नेऊन म्हणाले, "ह्याही काढ."

विमलबाई दारात आल्या. "मामाजी, कोण गेलं? सोयऱ्याइतलं कोणी?"

"घरातलंच."

"घरातलं कोण? अशुभ काऊन बोलून राह्यले सकाळी सकाळी?"

न्हाव्यानं वस्तरा पुसला, धोकटी आवरली आणि निघून गेला.

स्वरदा आत धावली. तिनं गोणपाट ओढून काढलं, दार उघडलं. गव्हाची पोती, पिंप, बियाणं. कोपरा रिकामा. ती पोत्यांच्या मधे गुडघ्यांवर बसली, जमीन हातानं चाचपली, सगळीकडे चाचपली. जमीन गार आणि स्वच्छ होती. आपण काय शोधतोय, हे तिला सांगता आलं नसतं. पण तिला रडू आलं, आणि ते थांबेना.

दुपारी आबा नेहमीच्या वेळी येऊन बसले. मिशा आणि केस गेल्यानं, गाल भरल्यानं चेहरा कोवळा दिसत होता, फौजेत भरती होणाऱ्या पोरासारखा. विमलबाईंनी ताट ठेवलं. आबांनी स्वरदाला जवळ बसायची खूण केली. सुतकात आलेला शेजारी जसं हळू विचारतो, तसं त्यांनी विचारलं:

"तुले दिसला होता ना?"

तिनं होकारार्थी मान डोलावली.

"मले आता दिसत नाही. दिसलाच नाही मले चौदशीपासून. शेवटी काही बोलला का?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. काहीच नाही, म्हणावं. पण समोर बसलेला माणूस आपल्याच मरणाची विचारपूस करत होता. त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

"माय म्हणाला, आबा. एकदाच."

"अन् तू काय केलं?"

तिनं कोठीच्या दाराशी पडलेल्या गोणपाटाकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. ते समजून घेत होते, सावकाश, म्हाताऱ्या माणसानं सुईत दोरा ओवावा तसं.

"आतून त्याले तोंड तं दिसलं नसन तुहं," ते म्हणाले. "अंधार असते मंधात. फटीतून बाईमाणसाचे पाय तेवढे दिसते."

मग ताट पुढ्यात ओढून घेत:

"मंग त्याले वाटलं असन, मायनंच बुजवली."

विमलबाई दुसरी भाकर घेऊन आल्या. आबा नको म्हणाले नाहीत.